अंगठा, सही आणि न्याय

उज्जैनहून इंदूरच्या वाटेला लागताना नानाखेडा ही वस्ती लागते. तेथे बसस्थानक आहे, पोलीस ठाणे आहे आणि सकाळपासून खेड्यापाड्यांतील माणसांची वर्दळ असते. त्यांतील काहींच्या हाती प्लॅस्टिकची पिशवी असते व पिशवीत घड्या घातलेले कागद असतात. चहाच्या टपरीवरील पोऱ्याला किंवा एखाद्या विद्यार्थ्याला कागद दाखवून ते विचारतात, "बाळा, तारीख कोणती लिहिली आहे?" तारीख कळली की कागद पुन्हा पिशवीत जातो. त्यावर आणखी काय लिहिले आहे हे सहसा कोणी विचारीत नाही. ते कळणे आपले काम नव्हे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकलेले असते.

प्रिय वाचकहो, हे दृश्य केवळ माळव्यातील नाही. ठाणे, पालघर, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयाबाहेर तेच आढळेल. आपल्या देशात फौजदारी न्यायाचे सारे काम कागदावर चालते. मनुष्य घडलेले तोंडाने सांगतो, परंतु न्यायाधीशापुढे जाते ते कोणीतरी लिहिलेले. ज्याला वाचता येते तो सांगितलेले आणि लिहिलेले यांचा मेळ घालून पाहू शकतो. ज्याला येत नाही, त्याच्या नावाने कागद बोलू लागतो आणि तो स्वतः मुका होतो. अल्पशिक्षित माणसाची न्यायालयातील खरी अडचण ही आहे. आणि तिच्यावरील पहिला उपाय कायद्यातच सांगितलेला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

वाचता आले म्हणून वाचला

मराठीत 'वाचणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. अक्षरांचा अर्थ लावणे हा एक, आणि संकटातून जीव सुटणे हा दुसरा. इंग्लंडच्या इतिहासात एके काळी हे दोन्ही अर्थ एकच झाले होते. मध्ययुगात तेथे धर्मसेवकांचा न्याय राजाच्या न्यायालयात न होता ख्रिस्तसभेच्या न्यायालयात होई, आणि तेथे देहान्ताची शिक्षा नसे. आरोपी खरोखर धर्मसेवक आहे किंवा नाही, हे ओळखावे कसे? तर त्याच्यापुढे लॅटिन बायबल उघडून ठेवीत व त्यातील ओळ वाचावयास सांगत. ही ओळ बहुधा एक्कावन्नाव्या, म्हणजे पश्चात्तापाच्या, स्तोत्राच्या आरंभीची असे. पुढे पुढे ही सवलत वाचता येणाऱ्या कोणालाही मिळू लागली. १५९८ साली प्रसिद्ध नाटककार बेन जॉन्सन याच्या हातून द्वंद्वयुद्धात एक मनुष्य ठार झाला. जॉन्सनला वाचता येत होते, म्हणून तो फासावरून सुटला. केवळ त्याच्या अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग दिला गेला. ज्याला वाचता येत नव्हते, तो मात्र तशाच अपराधासाठी फासावर चढे. वाचनाची ही परीक्षा १७०६ मध्ये बंद झाली आणि ती सवलतही १८२७ मध्ये रद्द करण्यात आली.

ती प्रथा आज आपणास विचित्र वाटते. परंतु अक्षरज्ञानावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहणे खरोखरच संपले आहे काय?

सुप्याचे रोखे

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा राग मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे मिळवून ते जाळावे, एवढाच अनेक ठिकाणी त्यांचा आग्रह होता. दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले आणि कित्येक कुणब्यांना बेड्या पडल्या. ज्या रोख्यावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे त्यांतील बहुतेकांना ठाऊक नव्हते. ठाऊक झाले ते जमीन जाऊ लागली तेव्हा.

सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. त्यातील एक तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा दस्त गावच्या निबंधकापुढे व्हावा आणि त्यातील मजकूर त्या शेतकऱ्यास समजावून द्यावा, असे त्या कायद्याने ठरविले. अंगठा उठला म्हणजे संमती मिळाली असे नव्हे, अंगठ्यापूर्वी समज आली पाहिजे, हे तत्त्व परक्या सरकारलाही मान्य करावे लागले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात अक्षरशून्य शेतकरी कचेऱ्यांतून आणि न्यायालयांतून कसा नागवला जातो, याचे सविस्तर वर्णन केले आहे.

बोललेले आणि लिहिलेले

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. गुन्हा घडला की पहिला कागद होतो तो फिर्यादीचा, ज्यास प्रथम खबर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. परंतु या बाबतीत जुना नियमच तिने कायम ठेवला आहे. फिर्याद तोंडी सांगितली, तर ठाण्याच्या अधिकाऱ्याने ती लिहून घ्यावी, सांगणाऱ्यास वाचून दाखवावी आणि त्यानंतरच तिच्यावर त्याची सही अथवा अंगठा घ्यावा. तिची एक प्रत त्याला विनामूल्य द्यावी. 'वाचून दाखवावी' ही अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे, तो कायद्याचा हुकूम आहे.

पुढे तपासात साक्षीदारांचे जबाब होतात. येथे नियम नेमका उलट आहे. पोलिसांपुढे तपासात दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊ नये, असे कायदा सांगतो. तो जबाब पुरावा नसतो. साक्षीदार न्यायालयात वेगळे बोलला तर त्याला तेथे धरण्यापुरताच त्याचा उपयोग. पण येथेच निरक्षर माणसाचा घात होतो. त्याने सांगितले एक, लिहिणाऱ्याने आपल्या ठरीव भाषेत उतरविले दुसरे. चार वर्षांनी तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि पूर्वीप्रमाणेच खरे बोलतो. समोरचा वकील विचारतो, "हे तू पोलिसांना सांगितले नव्हतेस, आजच का सांगतोस?" साक्षीदार गोंधळतो. त्याच्या खरेपणाला 'विसंगती' असे नाव पडते. अशा विसंगतीमुळे कधी निरपराध अडकतो, तर कधी जिच्यावर अत्याचार झाला त्या बाईचा खटला कोसळतो. तेव्हा निरक्षरतेचा तोटा केवळ आरोपीला होतो असे नाही. फिर्यादीलाही तितकाच होतो.

तिसरा कागद पंचनाम्याचा. गावात पोलीस आले की "दोन पंच पाहिजेत" म्हणून कोणाला तरी बोलावतात. पुष्कळदा पंच मंडळी भीडेखातर सही करून मोकळी होतात. काही वेळा तर कोऱ्या कागदावर. खटला उभा राहिला म्हणजे तेच पंच सांगतात, "मला वाचून दाखविले नाही, सही कर म्हटले, केली." मग चोरीचा माल सापडल्याचा पुरावा हवेत विरतो. यात ज्याचे घर फुटले, त्याच्यावर अन्याय होतो. आणि पोलिसांनी वस्तू खोटी दाखविली असेल, तर त्या खोट्याला आपण सहीची साथ दिलेली असते.

चौथा कागद समन्सचा. ते येते, फळीवर ठेवले जाते आणि विसरले जाते, कारण घरात ते वाचणारा कोणी नसतो. ठरल्या दिवशी माणूस हजर नाही म्हणून वॉरंट निघते. त्यालाही कोणी हजर राहिले नाही, तर अजामीनपात्र वॉरंट निघते. एका साध्या भांडणातील मनुष्य अशा रीतीने 'फरारी' ठरतो आणि तो तर आपल्याच घरी, आपल्याच शेतात राबत असतो. नव्या कायद्याने समन्स मोबाइलसारख्या साधनांवरही पाठविता येते. ज्याला छापील कागद वाचता येत नाही, त्याला पडद्यावरील बारीक अक्षरे कशी वाचता येणार?

आणि शेवटी न्यायाधीशाचा प्रश्न येतो, "गुन्हा कबूल आहे काय?" किरकोळ खटल्यांत पुष्कळ गरीब माणसे "होय, साहेब" म्हणून दंड भरतात. मजुरी बुडू नये, पुन्हा यावे लागू नये, एवढाच त्यांचा हिशेब असतो. या एका शब्दाने आपण दोषी ठरलो, त्याची नोंद झाली आणि उद्या मुलाच्या नव्हे तरी स्वतःच्या नोकरीच्या वेळी ती पुढे येईल, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मराठी घर, कचेरीची हिंदी

उज्जैनच्या मराठी घरांना आणखी एक अडचण आहे. शिंद्यांच्या अमदानीत येथे मराठी कुटुंबे येऊन राहिली; १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविल्यावरही अनेक घराणी येथेच रुजली. पुढे नोकरीधंद्यासाठी आणखी लोक आले. घरात मराठी, शाळेत व बाजारात हिंदी, असा त्यांचा क्रम असतो. पण पोलीस ठाण्यातील हिंदी ही बाजारातील हिंदी नव्हे. तेथे फिर्याद देणारा 'फरियादी' असतो व आरोपी 'मुल्जिम'. घटनास्थळीच लिहून घेतलेल्या खबरीस 'देहाती नालिशी' म्हणतात, अकस्मात मृत्यूच्या नोंदीस 'मर्ग', दोषारोपपत्रास 'चालान', तारखेस 'पेशी' आणि जामिनास 'जमानत'.

यांतील एक शब्द विशेष सांगण्याजोगा आहे. तपासात काही हाती लागले नाही म्हणून पोलीस प्रकरण बंद करण्याचा अहवाल देतात, त्यास येथे 'खात्मा' म्हणतात. एखाद्या बापाला ठाण्यात सांगितले, "तुम्हारे केस में खात्मा लग गया," तर तो समजतो की सारे संपले. वास्तविक काहीच संपलेले नसते. असा अहवाल स्वीकारावा की नाही, हे न्यायदंडाधिकारी ठरवितात. आणि तो स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीस सूचना देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले आहे. एका शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे बाप घरी परततो, आणि मुलीच्या न्यायाचा मार्ग खुला असूनही बंद होतो.

महाराष्ट्रातील वाचकांनी, आपल्याकडे मराठी आहे म्हणून आपण सुरक्षित, असे समजू नये. 'दोषारोपपत्र', 'जातमुचलका', 'अटकपूर्व जामीन', 'न्यायालयीन कोठडी' हे शब्द मराठीच आहेत. तरी वारली पाड्यावरील किंवा कोळीवाड्यातील माणसाला ते किती उमगतात?

नागपूरचा स्थानबद्ध

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दिलेला एक निकाल आपल्या प्रांतातील आहे. 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो ओळखला जातो. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी एका मनुष्यास प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केले आणि त्याची कारणे इंग्रजीत लिहून दिली. तो म्हणाला, "मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या." त्याची विनंती नाकारण्यात आली. अधिकाऱ्याने कागद देताना तोंडी भाषांतर करून सांगितले होते, आणि सरकारी भाषा अद्याप इंग्रजीच आहे, असा सरकारचा बचाव होता.

पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो मान्य केला नाही. कारणे 'कळविणे' याचा अर्थ कागद हाती ठेवणे असा नाही. ज्याला कळवावयाचे त्याला तो मजकूर समजेल अशा भाषेत व लिपीत तो मिळाला पाहिजे, कारण त्याशिवाय त्याला आपली बाजू मांडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि ती स्थानबद्धता बेकायदा ठरली.

हे तत्त्व सर्व अटकांना पूर्णपणे लागू होण्यास मात्र फार काळ लागला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीस लेखी, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. तत्क्षणी लेखी देणे शक्यच नसेल तर प्रथम तोंडी सांगावीत, पण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कोठडीसाठी उभे करण्यापूर्वी निदान दोन तास तरी लेखी द्यावीत. हा निकाल मोठा आहे. तथापि ज्याला अक्षरच कळत नाही त्याच्या हाती लेखी कागद देऊन काम निम्मेच होते. उरलेले निम्मे काम, म्हणजे तो वाचून समजावून देण्याचे, कोणीतरी माणसानेच करावयाचे असते.

न मागितलेला वकील

गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळावा, हे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत आले. १९७८ साली महाराष्ट्रातून गेलेल्या 'हॉसकॉट' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील दोषी माणसास निकालाची प्रत विनामूल्य व वेळेवर मिळावी आणि अपिलासाठी वकिलाचे साहाय्य मिळावे, असे सांगितले. पण हक्क आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो तो मागणार कसा?

या प्रश्नाचे उत्तर १९८६ साली अरुणाचल प्रदेशातील सुक दास याच्या खटल्यात मिळाले. त्याला व इतरांना एका अभियंत्यास धमकावल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली होती. खटल्यात त्यांना वकील नव्हता. सरकारचे म्हणणे असे की, त्यांनी मागितलाच नाही. मुख्य न्यायमूर्ती भगवती यांनी उत्तर दिले ते असे: खेड्यांतील बहुसंख्य लोक निरक्षर आहेत, त्यांना आपल्या हक्कांची माहिती नाही, जे शिकलेले आहेत त्यांनाही ती पुरती नसते. म्हणून न्यायाधीशाने स्वतः होऊन आरोपीस सांगितले पाहिजे की, तुला विनामूल्य वकील मिळू शकतो. तसे सांगितले गेले नव्हते म्हणून ती शिक्षा रद्द झाली. अज्ञानाचा भार अज्ञानी माणसावर टाकू नये, ज्ञात्याने तो उचलावा, असा या निकालाचा अर्थ आहे.

शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ

१९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका घरातील सात जणांची हत्या झाली. त्यांत लहान मुलेही होती. तो अपराध इतका भयंकर होता की, त्या कुटुंबाचे दुःख आठवले म्हणजे आजही मन विषण्ण होते. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीस १९९८ साली देहान्ताची शिक्षा झाली. पोलिसांच्या व न्यायालयाच्या कागदांत त्याचे जे नाव होते ते त्याच्या गावच्या शाळेतील नोंदीतील नावाशी जुळत नव्हते. आणि त्याचे वय विशीच्या पुढचे लिहिलेले होते. वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्याच्या वयाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. शाळेची नोंदवही पाहण्यात आली, चौकशी झाली, आणि २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय अवघे बारा वर्षे सहा महिने होते.

बालकांच्या कायद्याप्रमाणे अशा मुलास अधिकात अधिक तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, आणि त्यातील बराच काळ फाशीच्या छायेत. न्यायालयाने त्याची तत्काळ सुटका केली. त्याने काही केलेच नव्हते, असे येथे म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे ते इतकेच की, त्याच्या खऱ्या वयाची ओळ एका खेड्यातील शाळेच्या वहीत सर्व काळ लिहिलेली होती; ती योग्य वेळी योग्य माणसापुढे ठेवणारा कोणी नव्हता. ज्यांच्या घरात कागद सांभाळण्याची व वाचण्याची रीत आहे त्यांच्या मुलाच्या बाबतीत असे घडणे कठीण.

तुरुंगातील हिशेब

भैरवगड हे उज्जैनचे उपनगर कापडावरील छपाईसाठी प्रसिद्ध आहे. तेथेच येथील मध्यवर्ती कारागृहही आहे. येथील असो वा येरवड्याचे, तुरुंगांचे चित्र सर्वत्र सारखेच. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख बंदी होते. दर चारांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हावयाचा आहे असे. शिक्षणाचा विचार केला तर दर चार बंद्यांमागे सुमारे एक निरक्षर, आणि दहावीपर्यंत न पोहोचलेले धरले तर तिनांपैकी जवळजवळ दोन.

त्या वर्षी २६ नोव्हेंबरला, संविधानदिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसमोर या गरीब बंद्यांविषयी कळकळीने सांगितले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, न्यायालयाने हुकूम काढला की, जामिनाचा आदेश तुरुंगात ताबडतोब पोहोचवावा. आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर विधी सेवा प्राधिकरणाने त्याची दखल घ्यावी. कारण जामीन मंजूर होऊनही कागदाअभावी, जामीनदाराअभावी किंवा केवळ ते न कळल्यामुळे आत राहिलेली माणसे पुष्कळ होती.

सही येणारा माणूस

येथवर आपण निरक्षराविषयी बोललो. परंतु माझ्या मते अधिक धोका आहे तो सही येणाऱ्या अर्धशिक्षिताला. ज्याचा अंगठा आहे त्याच्याविषयी सर्वांनाच ठाऊक असते की, यास वाचून दाखविले पाहिजे. ज्याने सही केली, त्याने वाचून सही केली, असे जग गृहीत धरते. तो स्वतःही लाजेने सांगत नाही की, मला केवळ नाव लिहिता येते. वकीलपत्र कोरे असो, जबाब लांबलचक असो, तो सही करतो. कारण "वाचून दाखवा" म्हटले तर चारचौघांत आपले उणे उघडे पडेल, ही त्याला भीती.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. हजारो प्रौढ स्त्रीपुरुषांनी तेव्हा पाटीवर प्रथम आपले नाव गिरविले. ते कार्य थोरच होते. पण अक्षर वापरात राहिले नाही तर गंजते, आणि बहुतेकांपाशी शेवटी उरते ती सही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातील साक्षरता सुमारे ६९ टक्के व स्त्रियांची ५९ टक्के होती. समजून वाचता व लिहिता येणे ही जनगणनेची साक्षरतेची व्याख्या. प्रत्येक घरी जाऊन कोणी वाचन घेऊन पाहत नाही. म्हणून या आकड्यांतही सही येणारे किती आणि वाचणारे किती, हा विचार ज्याने त्याने आपल्या गावापुरता करावा.

घरोघर करण्याजोगे

तर मग करावे काय? कायदे बदलणे आपल्या हाती नाही. परंतु कायद्याने दिलेले मागून घेणे आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट, "वाचून दाखवा" असे म्हणण्यास लाजू नये. पोलीस ठाण्यात, न्यायालयात, वकिलाच्या कचेरीत, अर्जनवीसाच्या टेबलाजवळ, कोठेही. वाचून दाखविल्याशिवाय सही नाही आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही, हा घरचा नियम करावा. वाचून दाखविलेले चुकीचे असेल तर तेथेच, नम्रपणे पण ठामपणे, दुरुस्ती सांगावी.

दुसरी, कोणाला अटक झाली तर घाबरून न जाता चार गोष्टी आठवाव्यात. अटकेची कारणे लेखी मागावीत. अटकेच्या टिपणावर घरच्या किंवा गावच्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असावी लागते, हे ध्यानात ठेवावे. चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलेच पाहिजे. आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. केवळ त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य धरतात. तेव्हा मारहाणीच्या भीतीने केलेल्या कबुलीमुळे सारे संपले, असे समजू नये. न्यायाधीशापुढे उभे राहताच खरे ते सांगावे.

तिसरी, वकिलासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जावे; ती बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींतील माणसे, अपंग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, यांना मिळकत न पाहता विनामूल्य वकील मिळतो. इतरांना मिळकतीच्या मर्यादेत. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते.

चौथी, कच्च्या कैदेत असलेल्या नातलगाचे दिवस मोजावेत. देहान्त किंवा जन्मठेप असलेले गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ ज्याने आत काढला, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, त्याला सोडण्याचा विचार न्यायालयाने करावा, असे नवा कायदा सांगतो. एकाहून अधिक खटले चालू असतील तर हा नियम लागत नाही. हे गणित आत बसलेल्या निरक्षर माणसाला जमत नाही. बाहेरच्या शाळकरी मुलाला सहज जमते.

पाचवी, कागद सांभाळावेत. जन्मदाखला, शाळेचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला यांवर नाव व तारीख एकच आहे ना, हे आजच पाहावे. चूक असेल तर संकट येण्यापूर्वी दुरुस्त करावी. खटल्याचा प्रत्येक कागद तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवावा आणि आला त्याच दिवशी कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्यावा.

सहावी गोष्ट शिकलेल्या मुलामुलींसाठी. तुमच्या गल्लीतील मावशी किंवा पाड्यावरील काका एखादा कागद घेऊन आले, तर केवळ तारीख सांगून त्यांना वाटेला लावू नका. "बसा काका, सगळे वाचून दाखवतो," असे म्हणा. जे कळणार नाही ते कळले नाही असे सांगा, आणि ज्याला कळते त्याच्याकडे त्यांच्याबरोबर जा. बंदिवानाची भेट घेणे हे आपण दयेच्या कृत्यांत मोजतो. एखादा मनुष्य न वाचलेल्या कागदापायी बंदिवान होऊ नये, यासाठी दिलेली पंधरा मिनिटे त्याच कृत्यात मोडतात. प्रौढांचे वाचनवर्ग पुन्हा सुरू करता आले तर त्याहून बरे; २०२२ पासून चालू असलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे साहाय्य त्यासाठी मिळू शकते. मात्र अशा वर्गात केवळ नाव गिरविण्यावर न थांबता, एखादे समन्स, एखादी पावती, एखादा फिर्यादीचा नमुना वाचावयास घ्यावा.

न्यायालयाच्या दारात श्रीमंत आणि गरीब यांच्यातील अंतर एका दिवसात मिटणार नाही. परंतु ज्याला कागद वाचून मिळाला, तो निदान आपल्या तोंडाने "हे मी बोललो नव्हतो" असे म्हणू शकतो. न्यायाची सुरुवात तेथून होते. आपल्या गावातील कोणीही, आपण काय लिहून दिले हे न कळता, सही किंवा अंगठा देणार नाही, इतके जरी आपण साधले, तरी पुष्कळ घरे वाचतील.